घोडा लंगडतोय का, हे बाजारात कसं ओळखायचं?

गिरणाकाठ

दत्तजयंती जवळ आली की आमच्या घरी सारंगखेड्याचा विषय निघतोच. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाबकडून जनावरं येतात. यंदा माझ्या चुलतभावाला तिथून मारवाडी घोडी घ्यायची आहे. शेतावर ठेवायची, सकाळी रपेट मारायची, एवढाच विचार.

बाजारात लोक काय बघतात ते मी लहानपणापासून पाहतोय. कानांची टोकं जुळतात का, रंग कोणता, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) कुठे आहे, उंची किती. पायांपाशी वाकणारा माणूस क्वचितच दिसतो. आणि घोडी लंगडी निघाली तर बाकीचं सगळं घेऊन करायचं काय?

मला जाणवलेली अडचण अशी, की बाजारात घोडा दाखवायची जी रीत आहे तिच्यातच लंगडणं झाकलं जातं. विकणारे फसवायलाच बसलेत असं मी म्हणणार नाही, पिढ्यानपिढ्यांची पद्धत आहे ती. दोन्ही बाजूंना दोन माणसं, लगाम आखडून मान उंच धरलेली. जमीन नदीकाठची मऊ. चाल रेवाल, म्हणजे स्वाराला हादरे न बसणारी. पुढ्यात ढोल वाजतोय. गिऱ्हाईक यायच्या आधी घोडा चांगला फिरवून गरम केलेला. या सगळ्यात दुखरा पाय दिसणार कसा?

इथे घोड्यांमधले जाणकार आहेत हे माहीत आहे. विकणाऱ्याला न दुखावता नेमकं काय करायला सांगायचं आणि काय बघायचं, ते लिहा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

खान्देशी_स्वार

भाऊ, पहिलं काम सांगतो. अगाडी-पिछाडी सोडायला लावा. मागचे पाय दोरांनी मागे ताणून बांधलेले असतात, त्यामुळे घोडं स्वतःच्या मर्जीने कसं उभं राहतं हे कळतच नाही. दोर सोडून, फक्त गळ्यातला दोर ठेवून, त्याच्या समोर बाजेवर बसा. चहा घ्या. व्यवहाराचं बोलू नका. तेवढ्या वेळात घोडं तुम्हाला बरंच सांगून जातं.

देवमण, भोवरे हे मी पण बघतो. आमच्या वडिलांनी शिकवलंय, सोडणार नाही. पण आधी पाय, मग भोवरा.

पशुवैद्य_परळ

धागा काढलात हे बरं केलंत. माझं काम घोड्यांवरच आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

तुम्ही जी रीत वर्णन केलीत ती एकेक करून उलटी करा, तपासणी तयार होते. सैल दोर, सरळ रेषा, कडक सपाट जमीन, दुडकी चाल आणि विश्रांतीतून नुकताच उठलेला घोडा.

शेवटच्यापासून सुरू करतो. सांध्याचं जुनं दुखणं असलेला घोडा फिरवला की मोकळा होतो आणि लंगड कमी होते. म्हणून सकाळी लवकर जा, घोडा जागेवरून हलायच्या आत. त्याच वेळी पायांना हात लावा. पायांवर पाणी मारून झालं असेल किंवा पट्ट्या नुकत्याच सोडल्या असतील, तर गरमपणा आणि सूज दोन्ही कळत नाहीत.

उभ्या घोड्याकडे बघताना एक फरक लक्षात ठेवा. मागचा एक पाय ढिला सोडून उभं राहणं ही घोड्याची नेहमीची विश्रांती आहे, थोड्या वेळाने तो पाय बदलतो. पण पुढचा एकच पाय पुन्हा पुन्हा पुढे टाकून उभा राहत असेल तर त्या पायावर भार नकोसा झालाय. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणलेले आणि अंग मागे रेललेलं, असं दिसलं तर खरेदीचा विषय बाजूला ठेवा, डॉक्टरला बोलवायला सांगा. तो लॅमिनायटिस असू शकतो. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडणारे थर सुजतात, वेळ गेला तर हाड आत फिरतं. दाणा जास्त झाला की होतो. कौतुकापोटी हरभरा, बाजरी, गूळ भरपूर चारलेल्या घोड्यांत मी हे पाहिलंय.

मग हात. दोन्ही पाय एकामागून एक, वरून खाली, डाव्याची तुलना उजव्याशी. नळीच्या (गुडघ्याखालच्या हाडाच्या) मागे शिरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे असतात, त्या पाय टेकलेला असताना एकदा आणि पाय उचलून धरून एकदा, बोटांनी चाचपा. कुठे जाडी, कुठे ऊब, कुठे घोडा पाय ओढून घेतोय. पुढे खाली या. खुराच्या वरच्या गोल सांध्याच्या मागे, बाहेरच्या बाजूला, बोट हलकं ठेवलं की नाडी लागते. निरोगी घोड्यात ती इतकी बारीक असते की नवख्याला सापडतही नाही. ती ठणठण उडत असेल तर खुरात दाह आहे. एकाच पायात उडत असेल तर खिळा, गळू किंवा तळव्याला लागलेला मार. दोन्ही पुढच्या पायांत असेल तर वर सांगितलं ते. मला एकच गोष्ट शिकवायला सांगितली तर मी ही नाडी शिकवीन. आपल्या घरच्या निरोगी घोड्यावर रोज बघायची सवय ठेवा, म्हणजे बिघडलेली लगेच कळते.

चालवण्याबद्दल वेगळं लिहितो.

पशुवैद्य_परळ

पुढे चालू.

दुडकीच का? दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. दोन्ही जोड्यांवर सारखाच भार यायला हवा, म्हणून कमीजास्त झालं की उघडं पडतं. साध्या चालीत भार दोन-तीन पायांत वाटला जातो, थोडी लंगड लपून जाते. भरधाव पळताना तर दोन्ही बाजूंची हालचाल मुळातच सारखी नसते.

एका माणसाला दोर हातभर सैल ठेवून घोड्याच्या डाव्या बाजूने पळायला सांगा. त्याने घोड्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, समोर बघायचं. घोडा तुमच्यापासून सरळ लांब जाईल, वळेल, सरळ तुमच्याकडे येईल, मग तुमच्या बाजूने जाईल. घाई नको, संथ दुडकी.

येताना मान बघा. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो. चांगला पाय टेकला की मान खाली येते. मी विद्यार्थ्यांना सांगतो: मान खाली, तो पाय खरा. एवढं पाठ करा.

जाताना पुठ्ठे, म्हणजे घोड्याचा मागचा, कमरेखालचा भाग बघा. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना जे हाड वर आलेलं असतं तिथे पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. ज्या बाजूचा तुकडा जास्त वरखाली होतो, ती बाजू दुखरी. मागच्या पायाची लंगड ओळखायला पुढच्यापेक्षा अवघड असते, मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून घरी शांतपणे बघा.

इथे एक फसगत होते. मागचा डावा दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान खाली घालून वजन पुढे ढकलतो. दुडकीत मागच्या डाव्याबरोबर पुढचा उजवा पडतो. म्हणजे बघणाऱ्याला दिसतं की पुढचा उजवा टेकताना मान खाली, आणि तो पुढच्या डाव्याला दोष देतो. मान हलली तरी पुठ्ठे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

आणि खांद्याबद्दल. घोडा पुढून लंगडला की दहापैकी नऊ माणसं 'खांद्यात भरलंय' म्हणतात. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यातलं दुखणं बहुतेक वेळा खुरात निघतं. खांदा चोळत बसलेले लोक आणि खुरात पिकत गेलेलं गळू, असं चित्र मला पुन्हा पुन्हा बघावं लागतं आणि वाईट वाटतं. खुरापासून सुरुवात करा, वर वर जा.

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. भाऊ शेजारी बसून वाचतोय. त्याचा प्रश्न: दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर मान कुठे हलणार?

पशुवैद्य_परळ

फार चांगला प्रश्न. अशा वेळी मान हलत नाहीच. घोडा फक्त आखूड पावलं टाकतो, खांद्यापासून पाय मोकळा पुढे जात नाही. लोकांना वाटतं चालच बारीक आहे. त्याला छोट्या गोलात फिरवा, दोन्ही दिशांना. बहुतेक वेळा गोलाच्या आतल्या पायावर त्रास वाढतो, त्यामुळे डावीकडे फिरताना डावा आणि उजवीकडे फिरताना उजवा लंगडताना दिसेल. शिरांच्या काही दुखापतींत बाहेरचा पाय जास्त बोलतो, म्हणून दोन्ही दिशा बघायच्याच.

जमीनही बदलून बघा. कडक जमिनीवर खूर आणि हाडाचं दुखणं वाढतं. मऊ, खोल जमिनीवर शिरांचं. नदीकाठच्या मऊ मातीत खुराचं दुखणं झाकलं जातं ते याचमुळे.

नालबंदाचा_नातू

आमचे आजोबा पुण्यात कॅम्पात नालबंदी करायचे, आता काका करतात. मी नोकरी करतो पण सुट्टीला हात चालवतो. डॉक्टरांनी लिहिलंय त्यात खुराच्या बाजूने भर घालतो.

नाल बघा. बाजारात येण्याआधी नवी नाल ठोकलेली असते, त्यामुळे ती काही बोलत नाही. जुन्या नाला मागा, असतील तर. एका नालेची टोकाकडची बाजूच घासलीय आणि टाचेकडची तशीच आहे, तर तो पाय टाचेवर नीट पडत नाही.

मग चारही खूर समोरून बघा, जोडीने. पुढचे दोन एकमेकांसारखे हवेत. बरेच महिने दुखणाऱ्या पायावर भार कमी पडतो, आणि तो खूर हळूहळू अरुंद, उभट होत जातो. एक खूर पसरट आणि दुसरा उभा दिसला तर उभ्याची चौकशी करा. काही घोडे जन्मतःच असे असतात, पण विचारायला हवंच.

खुरावर आडव्या रेघा असतात. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. केस संपतात त्या कडेपासून ठळक रेघ तीन सेंटिमीटर खाली असेल, तर तीन-चार महिन्यांपूर्वी त्या घोड्याला काहीतरी मोठं झालं होतं, आजारपण म्हणा की चाऱ्यातला बदल. त्या रेघा पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेल्या असतील तर लॅमिनायटिस होऊन गेल्याची शंका घ्या.

आणि आवाज. आजोबा पाठ करून उभे राहायचे आणि घोडा फरसबंदीवर दुडकीने न्यायला लावायचे. टापा सारख्या पडल्या पाहिजेत. दुखरा पाय घोडा जपून ठेवतो, ती टाप हलकी येते. ढोल बंद करायला लावा ते याच्यासाठी.

नाल ठोकल्यावर घोडा त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत लंगडायला लागला, तर आधी खिळ्यांकडे बघा. खिळा आतल्या जिवंत भागाला लागला किंवा त्याच्या फार जवळून गेला तर असं होतं. नालबंदाला बोलावून एकेक खिळा काढायला लावा. कुठल्या खिळ्याला घोडा दचकला, खिळा ओला किंवा काळा आला का, हे बघायचं. यात नालबंदाने कमीपणा मानू नये असं मला वाटतं. खूर कधी कधी पातळच असतो.

खान्देशी_स्वार

रेवालबद्दल लिहायचं राहिलं होतं. आमच्याकडची चांगली शिकवलेली घोडी दुडकी देतच नाही, हे विसरू नका. तिला लहानपणापासून रेवालच शिकवलीय. स्वार वर बसला की पेला भरून हातात धरला तरी सांडत नाही, त्यालाच तर किंमत आहे. त्या चालीत मान हलत नाही.

मी काय करतो, तर खोगीर उतरवतो, लगाम काढून साधा दोर लावतो आणि पळायला घेतो. साध्या चालीतून पुढे जाताना किंवा थांबवताना मधेच चार-सहा पावलं दुडकीची पडतात. तेवढी पुरतात. नाहीच दिली तर कुंपणाच्या आवारात मोकळी सोडा, शेजारी ओळखीचं दुसरं घोडं आणा. आनंदात आली की स्वतःहून दुडकते.

मागे सरकवून पण बघा, आणि अगदी छोट्या जागेत वळवून. मागचा पाय दुखत असेल तर वळताना तो पाय उचलून ठेवायच्या ऐवजी घासत फिरवते.

पशुवैद्य_परळ

@खान्देशी_स्वार, अगदी बरोबर. रेवालमध्ये घोडा कधीच पूर्ण हवेत नसतो, कायम एखादा पाय जमिनीवर असतो, त्यामुळे भाराचा झटका बसत नाही आणि मानही हलत नाही. मोकळं सोडून बघायची तुमची पद्धत मी पण वापरतो.

मागे सरकवण्याला एक जोड. काही घोड्यांचा मागचा पाय क्षणभर मागेच सरळ अडकून राहतो आणि मग झटक्याने सुटतो. मागच्या गुडघ्याची वाटी वर अडकते तेव्हा असं होतं. हे दुखण्याच्या लंगडीपेक्षा वेगळं आहे, उपचारही वेगळा. आणि एखादा घोडा मागचा पाय पोटाकडे झटकन उंच उचलतो, त्याला 'नाचतेय' म्हणून विकलेलं मी पाहिलंय. नाचात पाय सांगितल्यावर उचलला जातो. साध्या चालीत, कुणी सांगत नसतानाही तोच पाय तसाच उडत असेल तर ती व्याधी समजा.

लाल_माती

माथेरानकर. आमच्याकडे सपाट जमीन शोधावी लागते, त्यामुळे आम्ही चढ-उताराने ओळखतो. उतरताना भार पुढच्या पायांवर येतो, चढताना मागच्या पायांना जोर लावावा लागतो. घोडा उतारावर तिरका चालायला लागला, एरवी न अडखळणारा अडखळायला लागला, तर पुढचे खूर उचलून बघायचे. जांभ्याचा बारीक खडा नालेच्या आणि तळव्याच्या मध्ये अडकला असेल तर तेवढ्यानेही लंगडतो. आधी तो काढा, मग डॉक्टर.

पेव्हर ब्लॉक बसवलेल्या रस्त्यांवर घोडे घसरतात ही आमच्या लोकांची तक्रार जुनी आहे. घसरून ताणलेला पाय त्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्या सकाळी दिसतो. म्हणून संध्याकाळी घोडा बांधताना पाय चाचपायचे आणि सकाळी सोडताना परत.

पावसाळ्यात खूर मऊ पडतो, तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग सडायला लागतो. काळा, घाण वासाचा चिकट पदार्थ आला की समजायचं. कोरडी जागा आणि रोजची साफसफाई, याला दुसरा इलाज नाही. गिऱ्हाईक नसलं तरी पाय रोज उचलायचे, हे मी पोरांना सांगत असतो. जनावर आपल्याला पोसतं.

पुणेकर_आई

मी घोडेवाली नाही, पण मुलगी रायडिंग शिकते म्हणून वाचत होते. ती ज्या घोड्यावर बसते तो दुडकीत मान हलवतो. शिकवणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, त्याची सवयच आहे. आता हे सगळं वाचून मला धास्ती वाटतेय. कसं ठरवायचं?

पशुवैद्य_परळ

ताई, ताल बघा. माशीमुळे किंवा लगाम टोचल्यामुळे घोडा मान उडवतो ती कधीही, कशीही उडवतो. लंगडीची मान दर वेळी त्याच पायाला, ठरलेल्या तालात वर जाते. बाजूने चित्रीकरण करा, स्लो मोशनमध्ये कोणता पाय टेकताना मान वर आहे ते बघा. प्रत्येक पावलाला तेच दिसत असेल तर त्या घोड्याला विश्रांती आणि तपासणी हवी, हे स्पष्ट शब्दांत सांगा. त्यावर बसलेल्या मुलीसाठीही ते धोक्याचं आहे. दुखऱ्या पायाचा घोडा अडखळतो.

स्वार बसल्यावरच दिसणारी दुखणीही असतात. इंग्लंडमधल्या डॉ. स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या 24 वर्तनांची यादी तयार केली आहे: कान बराच वेळ मागे पाडणं, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, शेपटी सतत झटकणं, मागचे खूर घासत नेणं वगैरे. त्यातली 8 किंवा जास्त दिसली तर हाडं-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. ज्या घोड्याला आपण हट्टी म्हणतो त्यातल्या कितींना दुखत असेल, याचा विचार घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने करावा.

टेम्सकाठची

मी इंग्लंडात राहते, इथे घोडा घेताना पशुवैद्याकडून पाच टप्प्यांची तपासणी करून घ्यायची पद्धत आहे. उभ्याने तपासणी, हाताने धरून चाल आणि दुडकी, मग स्वार बसवून व्यायाम, मग विश्रांती, आणि विश्रांतीनंतर पुन्हा दुडकी. मला यातला शेवटचा टप्पा फार शहाणपणाचा वाटतो. कामानंतर थोडा थांबलेला घोडा परत पळवला की जे दडलेलं असतं ते वर येतं. त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही काढून सहा महिने जपून ठेवतात. पुढे शंका आली तर वेदनाशामक दिलं होतं का ते तपासता येतं.

सारंगखेड्यात हे सगळं जमणार नाही हे कळतं. पण 'पळवा, थांबवा, पुन्हा पळवा' एवढं तर करता येईल?

गिरणाकाठ

नक्की करता येईल. वेदनाशामकाचा मुद्दा निघालाच आहे तर विचारतो. सुई देऊन घोडा उभा करतात असं ऐकतो. ओळखता येतं का?

पशुवैद्य_परळ

नुसत्या डोळ्यांनी खात्रीने नाही. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम ही औषधं लंगड झाकू शकतात, आणि असर एक दिवस किंवा त्याहून जास्त राहतो. त्यामुळे दोनदा बघा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि दुसऱ्यांदा न कळवता जा. यात्रा बरेच दिवस चालते, तुम्ही जवळचेच आहात, तुम्हाला ते शक्य आहे. खरेदी मोठी असेल तर रक्ततपासणी करून घ्याच. त्यातच ग्लँडर्सचा अहवालही मागा. तो रोग माणसालाही होतो, त्यात भीड बाळगू नका.

खान्देशी_स्वार

एक विचारतो, राग मानू नका. काही डॉक्टर पाय दुमडून धरतात आणि सोडून पळवतात. म्हातारं घोडं त्याने लंगडणारच की. त्यावरून चांगली जनावरं नापास होतात. आमच्या गावात अशी एक घोडी परत पाठवली, ती आजही कामाला चांगली आहे.

पशुवैद्य_परळ

राग कसला, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. सांधा साधारण मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकीने पळवणं, ही चाचणी उपयोगाची आहे, पण तिच्या एकटीच्या जोरावर निर्णय द्यायचा नसतो. जोर जास्त लावला तर निरोगी घोडाही पहिली दोन-चार पावलं लंगडतो. म्हणून दोन्ही पायांना सारखाच जोर, सारखाच वेळ, आणि दोन्हींतला फरक बघायचा. मी ती सगळ्यात शेवटी करतो, नाहीतर आधीचं निरीक्षण बिघडतं. आणि ती सरावाच्या माणसानेच करावी. बाजारात हौशी माणसाने पाय पिरगाळून बघू नये.

लंगड आहे पण जागा सापडत नाही, तेव्हा आम्ही खुराजवळची नस भूल देऊन बधिर करतो आणि परत पळवतो. लंगड गेली तर दुखणं त्या खालच्या भागात. नाही गेली तर एकेक पायरी वर. मग त्या जागेचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी.

डॉक्टर श्रेणी सांगतात ती पण समजून घ्या, फोनवर बोलताना उपयोगी पडते. अमेरिकन घोडावैद्यांची 0 ते 5 ही मोजणी आपल्याकडेही बरेच जण वापरतात. 0 म्हणजे लंगड नाही. 1 मुश्किलीने, कधी दिसते कधी नाही. 2 सरळ रेषेत दिसणं कठीण, पण गोलात, कडक जमिनीवर किंवा स्वार बसल्यावर दर वेळी दिसते. 3 दुडकीत कायम दिसते. 4 साध्या चालीतच दिसते. 5 म्हणजे पाय जवळजवळ टेकतच नाही.

5 दिसली की लोक हाड मोडलं समजून हात-पाय गाळतात. हाड मोडल्याची शक्यता डॉक्टरने तपासायलाच हवी, तोवर घोडा हलवू नका. पण कालपर्यंत ठणठणीत असलेला घोडा आज एक पाय टेकत नाही, यामागे खुरातलं गळू हे फार नेहमीचं कारण आहे. पू काढला की एक-दोन दिवसांत चालायला लागतो. तळव्यात खिळा रुतलेला दिसला आणि डॉक्टर लवकर येणार असेल, तर तो उपटू नका. किती खोल, कोणत्या दिशेने गेलाय ते कळायला हवं. घोडा त्यावर पाय टेकून तो आणखी आत घालणार नाही अशी सोय मात्र करा. आणि धनुर्वाताची लस विचारा. घोड्याला धनुर्वात पटकन होतो, वाचवणं फार कठीण जातं.

गिरणाकाठ

अपडेट. सकाळी लवकर गेलो, भाऊ आणि मी. दोन घोड्या बघितल्या.

पहिली नुकरी, म्हणजे पांढरी, दिसायला देखणी. मालकाने दोर सोडायला नकार दिला, ढोलावर नाचवून दाखवतो म्हणाला. नमस्कार करून पुढे गेलो.

दुसरी कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी. मालक म्हातारे गृहस्थ, बाडमेरकडचे. पिछाडी सोडा म्हटल्यावर त्यांनी स्वतःच सोडली. आम्ही चहा घेत बसलो. घोडी मागचे पाय आलटून पालटून विसावत होती, पुढचे दोन्ही सरळ. नाडी मला पुढच्या उजव्यात लागली, डाव्यात लागेना. त्यांच्या मुलाने डांबरी रस्त्यावर सैल दोराने पळवली. आधी रेवाल, मग थांबवताना दुडकीची काही पावलं. येताना डावा टेकला की मान किंचित खाली, दर वेळी. म्हणजे उजवा दुखरा. गोलात उजवीकडे फिरवल्यावर जास्त. मऊ मातीत काहीच दिसेना.

म्हाताऱ्यांना सांगितलं तर त्यांनी आधी मुलाला रागावलं आणि मग सांगितलं की यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी नवी नाल ठोकलीय. घोडी त्यांच्या घरची आहे, शिंगरू होती तेव्हापासूनची, त्यांना खरंच वाईट वाटलं. भावाला ती आवडलीय. काय करावं?

नालबंदाचा_नातू

नाल काढा! आजच. उजव्या पायाची. एकेक खिळा वेगळा, आणि काढताना घोडीच्या कानांकडे लक्ष ठेवा. यात्रेत नालबंद असतातच, पण ठोकणाऱ्यापेक्षा दुसरा घ्या. भोकातून काही ओलं आलं तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय नवी नाल नको.

पशुवैद्य_परळ

नातवाचं ऐका. तुमचं निरीक्षण उत्तम आहे. कडक जमीन, आतला पाय, त्याच पायातली नाडी आणि नव्या नालेची तारीख, चारही गोष्टी खुराकडे बोट दाखवतात. खिळ्याचं असेल तर घोडी पूर्ण बरी होऊ शकते. पण हे अनुमान आहे, खिळे काढून आणि खुराला चिमटा लावून बघितल्याशिवाय कुणीच नक्की सांगू नये.

मालकांना सांगा की धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, वेदनाशामक आत्ता नको. यात्रेतल्या पशुवैद्यकीय पथकाला खूर दाखवा. घोडी दोन दिवस कोरड्यावर बांधू द्या. विसार देऊ नका, शब्दही नको, एवढंच म्हणा की परत येऊन बघतो. परत बघाल तेव्हा सकाळीच जा, त्याच रस्त्यावर, त्याच मुलाच्या हातात सैल दोर देऊन. आधीचं चित्रीकरण मोबाइलमध्ये असेलच, दोन्ही शेजारी लावून बघा. मान सरळ राहिली, गोलात उजवीकडेही फरक दिसला नाही आणि नाडी दोन्हीकडे सारखी झाली, तर एक्स-रेचं मी बघतो. पुण्याहून फिरतं यंत्र आणणारे सहकारी आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खान्देशी_स्वार

म्हाताऱ्यांचा तंबू कोणत्या बाजूला आहे ते पण व्यनित कळवा. मी उद्या तिथेच आहे, नालबंद घेऊन जातो.